लिफ्ट केलेल्या ऑफ-रोड गाडीचं सस्पेन्शन कसं लावून घ्यायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी उंच केली, मोठे टायर घातले, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसावं लागलं. प्रश्न विचारणारे बहुतेक जण याच टप्प्यावर असतात. खालची उत्तरं मुख्यतः सरळ ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच ताठ ॲक्सलवर असलेल्या) गाड्यांना धरून लिहिली आहेत. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

## किट बसवून झालं, गाडी उंच झाली. आता अ‍ॅडजस्ट करायचं काय उरतं?

जवळजवळ सगळंच. लिफ्ट म्हणजे चेसिस आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढवणं. पण या दोघांना जोडणारे आर्म, पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा), ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा), प्रॉपेलर शाफ्ट आणि ब्रेकचे होज मूळच्या लांबीचेच राहतात. अंतर वाढलं की ते सगळे तिरके होतात. तिरके झाले की चाकाचा कोन बदलतो, ॲक्सल बाजूला सरकतो, शाफ्ट थरथरतो. खोक्यातून स्प्रिंगा आणि शॉक मिळतात. कोन मात्र आपल्यालाच जुळवावे लागतात, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे.

## सुरुवात कुठून करायची?

वही, पेन आणि मोजपट्टी घेऊन. शक्यतो किट बसवण्याच्या आधीच.

गाडी सपाट जागी लावा. टाकीत इंधन किती, मागे सामान किती, ते लिहून ठेवा. नंतरचं माप त्याच वजनावर घ्यायचं आहे. टायरमध्ये चारही बाजूंना ठरलेली हवा भरा. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे करा, चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे बुशांमध्ये (सांध्यांतल्या रबरी नळ्यांमध्ये) अडकलेला ताण सुटतो आणि गाडी आपल्या खऱ्या उंचीवर येऊन बसते. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजू नका. टायर झिजला, हवा कमी झाली, दुसरा टायर घातला की ते माप बदलतं. हबपासून मडगार्डपर्यंतचं अंतर फक्त सस्पेन्शनचं असतं.

एवढ्यावर थांबू नका. पुढचे कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) यांचे आकडे अलाइनमेंटवाल्याकडून छापून घ्या. मागच्या डिफरन्शियलच्या फ्लँजचा कोन आणि ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) फ्लँजचा कोनही टिपून ठेवा. त्यासाठी लोहचुंबकाचं कोनमापक पुरतं. पॅनहार्ड रॉडच्या दोन टोकांच्या उंचीतला फरक घ्या. ही कामं अर्ध्या तासाची आहेत, पण ती झालेली नसली तर पुढे प्रत्येक तक्रारीला "आधी कसं होतं?" या प्रश्नाचं उत्तर आठवणीवर द्यावं लागतं. आणि आठवण नेहमी सांगते की आधी गाडी लोण्यासारखी चालायची.

## उंची कशाने वाढवली त्याने फरक पडतो का?

फार पडतो.

बॉडी लिफ्टमध्ये फक्त बॉडी चेसिसवरून वर उचलली जाते. सस्पेन्शनचे कोन जसेच्या तसे राहतात. मात्र स्टेअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, इंधन भरायची नळी आणि रेडिएटरभोवतीचं पंख्याचं आच्छादन तपासावं लागतं. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीला लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) लावलं, तर शॅकलची लांबी जितकी वाढते त्याच्या साधारण निम्मी उंची मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. यात एक मेख आहे. पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर ते लांब केल्यावर ॲक्सलचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालणं मागे चालतं. पुढे कधीही घालू नका. ब्रेक लावताना आणि चाक वळवताना येणारा पीळ तो ठोकळा सहन करत नाही, आणि तो निसटला तर पुढचा ॲक्सल हाताबाहेर जातो.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंगच्या एकत्र खांबाच्या) डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर घातला, तरी गाडी २५ मिमी उचलली जात नाही. स्ट्रट आर्मच्या मध्याकडे बसलेला असतो आणि चाक टोकाला असतं. हे प्रमाण ०.६ असेल, तर चाकापाशी २५ भागिले ०.६, म्हणजे ४० मिमीच्या वर उंची येते. "फक्त एक इंचाचा स्पेसर होता, मग सीव्ही जॉइंटचा (चाकाकडच्या शाफ्टच्या सांध्याचा) बूट का फाटला?" याचं उत्तर बहुतेक वेळा या भागाकारात सापडतं.

## टॉर्शन बारचा बोल्ट आवळला तर सस्पेन्शन कडक होतं ना?

नाही. टॉर्शन बार म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. त्याची जाडी आणि लांबी तीच, म्हणजे कडकपणाही तोच. बोल्ट आवळल्याने फक्त गाडीची उभी राहण्याची उंची बदलते. मग हाताला कडक का वाटतं? चाकाला खाली लटकायला जागाच उरत नाही म्हणून. खड्डा आला की आर्म लगेच खाली लटकणं थांबवणाऱ्या रबराला जाऊन टेकतो आणि ठक्क असा आवाज येतो. अशा गाडीचा बोल्ट सैल करून उंची १५-२० मिमी कमी केली, तरी मालक परत येऊन विचारतो की शॉक नवीन टाकले का.

बोल्ट फिरवताना चाकं जॅकवर लटकत ठेवा, म्हणजे आटे खराब होत नाहीत. दोन्ही बाजूंचे फेरे मोजा. प्रत्येक बदलानंतर गाडी खाली उतरवून, हलवून, मगच पुन्हा मोजा.

## कॉइलओव्हरची रिंग फिरवून स्प्रिंग दाबली, तर?

तेच उत्तर. कॉइलओव्हर म्हणजे शॉकभोवतीच बसवलेली स्प्रिंग. साध्या, एकसारख्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा दर (ती एक मिमी दाबायला लागणारं बल) रिंग फिरवून बदलत नाही. उंची बदलते. गाडी हवी त्या उंचीला येण्यासाठी रिंग खूपच खाली न्यावी लागत असेल, तर स्प्रिंग मऊ पडते आहे. ती बदला.

दोन स्प्रिंगा एकावर एक असलेल्या प्रकारात गणित थोडं गमतीचं आहे. वरची ४० न्यूटन प्रति मिमीची आणि खालची ६० ची असेल, तर दोघी मिळून १०० होत नाहीत. त्या २४ होतात (४० गुणिले ६०, भागिले १००). म्हणजे सुरुवातीचा प्रवास मऊ. मधला सरकता तुकडा वरच्या थांब-रिंगेला टेकला की वरची स्प्रिंग बाद होते आणि एकट्या ६० ची ताकद लागते. ती थांब-रिंग कुठे ठेवायची, हेच तिथलं अ‍ॅडजस्टमेंट. खूप लवकर टेकली तर लहान दगडांवरही गाडी आपटते. फार उशिरा टेकली तर मोठ्या खड्ड्यात गाडी थेट तळाला जाते.

## विंच आणि लोखंडी बंपर लावल्यापासून गाडी पुढून बसली. स्पेसर घालू का?

आधी किती बसायला हवी होती ते काढा. समजा विंच आणि बंपर मिळून ८० किलो वाढले, आणि ते वजन पुढच्या ॲक्सलच्या ८०० मिमी पुढे लटकतं आहे. दोन ॲक्सलांमधलं अंतर २६०० मिमी. तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर ८० नाही, जवळपास १०५ किलो येतात, आणि मागचा ॲक्सल २५ किलोंनी हलका होतो. पुढच्या दोन स्प्रिंगांवर प्रत्येकी ५२ किलो. स्प्रिंगचा दर २५ न्यूटन प्रति मिमी असेल, तर ती सुमारे २० मिमी दबेल.

तुमची गाडी इतकीच बसली असेल तर स्प्रिंगचा काही दोष नाही. आता दोन रस्ते. स्पेसर घातला तर उंची परत येते, पण मऊ स्प्रिंगवर जास्त वजन तसंच राहतं आणि ब्रेक लावला की नाक खाली जातं. विंच कायमची असेल तर जास्त दराची स्प्रिंग घ्या. वर्षातून दोनदा लावायची असेल तर स्पेसरवर भागवा. हिशेबापेक्षा खूपच जास्त बसली असेल, तर जुनी स्प्रिंग थकलेली आहे. तिला स्पेसर घालून उभं करण्यात अर्थ नाही.

## शॉक किती लांबीचा घ्यायचा?

"तीन इंची लिफ्टचा शॉक" हे खोक्यावरचं लेबल आहे, माप नाही. शॉकला दोन लांब्या असतात, पूर्ण दबलेला आणि पूर्ण उघडलेला. दोन्ही तुमच्या गाडीवर मोजूनच ठरवायच्या.

पद्धत अशी. गाडीचं चेसिस भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, इथे विनोदाला जागा नाही. स्प्रिंगा आणि शॉक काढा. ॲक्सलखाली जॅक लावून तो वर न्या, बंप स्टॉपचं (ॲक्सलचा वरचा प्रवास थांबवणारं) रबर चांगलं निम्म्यापर्यंत दबेल इतका. आता शॉकच्या वरच्या आणि खालच्या बसण्याच्या जागांमधलं अंतर मोजा. शॉकची पूर्ण दबलेली लांबी याच्यापेक्षा किमान १५-२० मिमी कमी हवी. नसेल तर रबराच्या आधी शॉकच तळाला आपटणार, आणि मग शॉक फुटतो किंवा त्याचा ब्रॅकेट चेसिसपासून उखडतो. त्यानंतर एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली असंही करून बघा. खडकाळ वाटेवर गाडी बहुतेक वेळ अशाच अवस्थेत असते, आणि टायर मडगार्डला किंवा आर्मला कुठे घासतो ते तेव्हाच दिसतं.

खालच्या दिशेने शॉक पूर्ण उघडण्याच्या जरा आधी ॲक्सल थांबायला हवा. थांबवणारं काही नसेल तर पट्टा लावा, म्हणजे दर उडीला शॉकच्या आतल्या पिस्टनवर घाव बसत नाही. लांब शॉक घेतल्यावर कॉइल स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून निघते का, तेही याच वेळी पाहा. निघत असेल तर क्लिप लावून धरून ठेवा.

बंप स्टॉप वाढवायला लोक कुरकुरतात, कारण वरचा प्रवास कमी होतो. पण लिफ्टसोबत मोठा टायर आला असेल तर तो प्रवास टायरने आधीच खाल्लेला असतो. रबर वाढवलं नाही, तर टायर मडगार्डमध्ये घुसून थांबतो.

## शॉकवर दोन नॉब आहेत. किती क्लिक फिरवू?

कितीही सांगितले तरी ते माझ्या गाडीचे असतील. कसे ठरवायचे ते सांगतो.

नॉब हलक्या हाताने पूर्ण बंद करा. शेवटाला जोर लावू नका, आतली सुई दुखावते. आता उघडताना क्लिक मोजा आणि नेहमी बंद टोकापासूनच मोजा, कारण पक्का थांबा तिथेच असतो. दोन्ही नॉब मध्यावर आणा. ठरलेला एक रस्ता निवडा. एकच कच्चा तुकडा, एकच गतिरोधक, एकच वेग. दर फेरीला फक्त एक नॉब, तीन क्लिक. फेरी संपली की लगेच वहीत लिहा. दोन नॉब एकदम फिरवले तर फरक कशाने पडला ते देवालाही सांगता येणार नाही.

आधी रिबाउंड लावा. शॉक उघडताना किती रोखायचं, ते हा नॉब ठरवतो. गतिरोधकावरून गेल्यावर मागचा भाग वर उसळून पुन्हा खाली, पुन्हा वर असा डुलत असेल, तर रिबाउंड कमी आहे. बंद करत जा. गाडी एकदा वर येऊन शांत बसली की थांबा. उलट बाजूची चूक ओळखायला अवघड आहे. रिबाउंड जास्त असेल तर पहिल्या खड्ड्याला गाडी छान वाटते, तिसऱ्या-चौथ्याला कडक लागते आणि सातव्याला आपटते. कारण दोन खड्ड्यांमध्ये चाकाला खाली यायला वेळच मिळत नाही, आणि गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते. बहुतेक जण याला कंप्रेशन (शॉक दबताना होणारा रोध) कमी आहे असं समजतात आणि कंप्रेशन वाढवतात. मग हाडं खिळखिळी होतात.

आता कंप्रेशन. बारीक लाटांच्या कच्च्या रस्त्यावर चाकं जमीन सोडून ताडताड नाचत असतील तर कंप्रेशन जास्त आहे, उघडा. मोठ्या खोलगट भागात गाडी तळाला जात असेल तर वाढवा, पण त्याआधी स्प्रिंगवर वजन तिच्या कुवतीपेक्षा जास्त नाही ना ते बघा. स्प्रिंगचं काम शॉकच्या नॉबने करून घेता येत नाही. काही शॉकवर लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे दोन कंप्रेशन नॉब असतात. यातला वेग गाडीचा नाही, शॉकच्या दांड्याचा आहे. वळणावर बॉडी कलणं, ब्रेकला नाक खाली जाणं हे लो-स्पीड. दगडाची धार चाकाला लागणं हे हाय-स्पीड, मग गाडी चालण्याच्या वेगाने जात असली तरी.

आणि हे सगळं टायरची हवा ठरवल्यावर. कच्च्यात हवा कमी करून चालवणार असाल तर त्याच हवेवर नॉब लावा.

## शॉकमधला नायट्रोजन वाढवून उंची वाढवता येते का?

नाही. तो दाब शॉकमधल्या तेलात फेस होऊ नये म्हणून असतो. उंचीसाठी खास बनवलेले एअर शॉक ही वेगळी वस्तू आहे.

## लिफ्टनंतर गाडी रस्त्यावर तरंगते, स्टेअरिंग सोडलं तर सरळ होत नाही.

कॅस्टर गेला आहे. सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच.

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो मागे झुकलेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहतं. गाडीतही चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष वरून थोडा मागे झुकलेला असतो. पुढच्या सरळ ॲक्सलला धरणारे आर्म मागे चेसिसला जोडलेले असतात. चेसिस वर गेलं की आर्म पुढच्या बाजूला खाली झुकतात, आणि आर्म ॲक्सलला घट्ट जोडलेले असतील तर ॲक्सलही तेवढाच पुढे फिरतो. आर्म ९०० मिमीचा आणि लिफ्ट ५० मिमीची असेल तर हे फिरणं सुमारे ३ अंशांचं. मूळचा कॅस्टर तीन-चार अंशांचाच असेल, तर हातात काय उरलं?

उपाय तीन. आर्मचे बुश बदलून त्याजागी भोक मध्यावर नसलेले बुश घालणं, आर्मची चेसिसवरची जागा ब्रॅकेट लावून खाली आणणं, किंवा लांबी बदलता येणारे आर्म. दोन इंचांपर्यंत बुश पुरतात, पण दाबून बसवताना त्यांची दिशा नीट बघा. बाणाची खूण उलटी गेली तर कॅस्टर सुधारायच्या ऐवजी दुप्पट बिघडतो, आणि ते रबर पुन्हा दाबयंत्राखाली काढताना कोणाचाही मूड चांगला राहत नाही. ब्रॅकेट स्वस्त पडतो आणि आर्मचा कोन मूळपदावर आणतो, पण खडकात आधी तोच अडकतो.

एक तडजोड कोणी सांगत नाही. कॅस्टर मागे आणायला ॲक्सल फिरवला की त्याच ॲक्सलवरचा पिनियन (ज्याला शाफ्ट जोडलेला असतो तो दात्यांचा दांडा) खाली झुकतो आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही एका हाउसिंगवर आहेत, दोघांना एकाच वेळी हवं ते मिळत नाही. मी अशा वेळी कॅस्टरच्या बाजूने कौल देतो. पुढचा शाफ्ट ताकद घेऊन फिरतो तो फोर-व्हीलमध्ये, कमी वेगात. स्टेअरिंग मात्र रोज लागतं.

## मागून बघितलं तर बॉडी आणि पुढची चाकं एका रेषेत दिसत नाहीत.

पॅनहार्ड रॉडमुळे. हा रॉड एका टोकाला चेसिसला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला बांधलेला असतो. गाडी उचलली की तो जास्त तिरका होतो, आडवी लांबी कमी होते, आणि ॲक्सल रॉडच्या चेसिसकडच्या टोकाच्या दिशेने ओढला जातो. रॉड ८५० मिमीचा, टोकांमध्ये आधीच १०० मिमीचा फरक, वर ७५ मिमीची लिफ्ट, तर ॲक्सल सुमारे १२ मिमी सरकतो. चेसिसच्या दोन्ही बाजूंना सारख्याच जागेवरून ओळंबा सोडा आणि तिथून टायरपर्यंत मोजा. लांबी बदलता येणारा रॉड घालून दोन्ही बाजू सारख्या करा. मोजताना गाडी चाकांवर उभी असायला हवी.

यानंतर स्टेअरिंग वाकडं दिसेल. ते खालून ड्रॅग लिंकच्या लांबीने सरळ करा. स्टेअरिंग व्हील काढून दात बदलून बसवायचा मोह टाळा. तसं केलं तर स्टेअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही आणि स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर चुकीचं वाचतो. मग स्थैर्य राखणारी यंत्रणा सरळ रस्त्यावर ब्रेक मारायला निघते.

आणखी एक. बाजूला उभं राहून नाही, पुढे गुडघ्यावर बसून बघा. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर दिसायला हवेत. नुसता एकाचा कोन सुधारला आणि दुसरा तसाच ठेवला, तर दर खड्ड्याला स्टेअरिंग आपोआप हलतं.

## एका विशिष्ट वेगाला पुढचा भाग वेड्यासारखा थडथडतो. डॅम्पर नवीन टाकू?

नको. निदान आधी नको. स्टेअरिंगचा डॅम्पर ही थडथड झाकतो, घालवत नाही. चालवताना असं झालं तर जोरात ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग धरून ठेवा आणि वेग कमी होऊ द्या.

मग सावकाश शोधा. एकाला आत बसवून, इंजिन चालू ठेवून, स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवा. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना लगेच कळते. माझ्या गाडीत महिनाभर टायर बॅलन्स करत होतो. अखेर सापडलं ते पॅनहार्ड रॉडचं चेसिसकडचं भोक. बोल्ट कधीतरी सैल राहिला होता आणि भोक गोलाचं अंडाकृती झालं होतं. बोल्ट आवळला तरी तो त्या भोकात सरकतच होता. जाड वॉशर वेल्ड करून भोक पुन्हा गोल केलं, थडथड बंद. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, व्हील बेअरिंग आणि कमी पडलेला कॅस्टर हे बाकीचे संशयित.

## वेग घेतला की खालून घरघर येते.

चाकं नाही, प्रॉपेलर शाफ्ट. साधा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट) तिरपा असला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात उलटा असेल तरच ते परस्पर फिटतं. म्हणून दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल, तर ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा फ्लँज समांतर हवेत. ट्रान्सफर केसकडे जोड-क्रॉस (एकत्र जोडलेले दोन क्रॉस) असेल तर नियम वेगळा. तिथे पिनियन सरळ शाफ्टच्या दिशेने बघायला हवा, उलट एक-दोन अंश खालीच, कारण ताकद लावली की तो स्वतःहून वर उचलला जातो. पाट्यांच्या गाडीत त्यासाठी पाचर घालतात.

शाफ्टचा सरकता भाग लिफ्टनंतर किती बाहेर आला आहे, तेही चाकं लटकवून पाहा. निम्माच आत उरला असेल तर शाफ्ट लांब करून घ्या.

## नवे बुश सहा महिन्यांत फाटले. माल खराब?

बहुधा बोल्ट चुकीच्या वेळी आवळले. मूळच्या रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. चाकं हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर रबराचा शून्यबिंदू तिथे ठरतो. गाडी खाली उतरवली की ते उभ्या उभ्याच पिळलेलं. वरून गाडी थोडी उंचही दिसते, आणि "लिफ्ट जास्त आली" म्हणून आपण खूश होतो. म्हणून बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, हलवा, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळा. खाली सरपटत करावं लागतं, अंगावर माती पडते, त्यामुळेच हे टाळलं जातं.

## ब्रेकशी या सगळ्याचा काय संबंध?

दोन ठिकाणी. पहिलं, होज. चाकं पूर्ण लटकवून आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. ताणलेला होज किंवा एबीएसची ताठ वायर दिसली तर गाडी बाहेर काढू नका. डिफरन्शियलच्या श्वास-नळीकडेही नजर टाका.

दुसरं ठिकाण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक सळई असते. मागे वजन पडलं की चेसिस खाली येतं, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लिफ्ट केल्यावर त्या व्हॉल्व्हला वाटतं की मागे काहीच वजन नाही. मग मागचे ब्रेक कमी लागतात, थांबायला जास्त अंतर लागतं आणि पुढचे पॅड लवकर संपतात. सळईचा कोन मूळचा होईल असा ब्रॅकेट लावून घ्या.

## अँटी-रोल बार काढूनच टाकला तर?

हा बार वळणावर बॉडीचं कलणं रोखतो. तो काढला तर खडकात चाकं जास्त मोकळी होतील. हायवेवर अचानक चाक वळवावं लागलं की पश्चात्ताप होईल. झटक्यात सुटणाऱ्या लिंक लावा, कच्च्यात सोडा, डांबरावर यायच्या आधी जोडा. लिंकची लांबी अशी ठेवा की गाडी उभी असताना बारचे हात जवळपास आडवे राहतील.

## अलाइनमेंट कधी करायची? घरी होते का?

उंची, कॅस्टर आणि पॅनहार्ड झाल्यावर, सगळ्यात शेवटी. सरळ ॲक्सलला घरी फक्त टो लावता येतो. प्रत्येक टायरच्या मधोमध खडूने रेघ मारा, पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, आणि त्याच रेघा मागे आल्यावर पुन्हा मोजा. पुढचं माप १ ते ३ मिमी कमी भरलं की बहुतेक गाड्यांना चालतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा आधी बघा.

## गाडी उलटण्याची शक्यता किती वाढते?

साधा हिशेब. चाकांमधली रुंदी १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमीवर असेल, तर स्थिर गाडी साधारण ४७ अंशांच्या उतारावर कलंडते. गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेला की ४५ अंशांवर. कागदावर फरक दोनच अंशांचा दिसतो. पण हा आकडा अजिबात न डुलणाऱ्या गाडीचा आहे. खऱ्या गाडीत बॉडी खालच्या बाजूला कलते, टायर चेपतो, एखादा दगड वरच्या चाकाखाली येतो, आणि छतावरच्या कॅरिअरमध्ये सुटं चाक बांधलेलं असतं. ते चाक आधी खाली उतरवा. लिफ्ट कमी न करता तेवढंच आपल्या हातात आहे.

## सगळं लावून झालं. पुन्हा कधी बघायचं?

पहिल्या १००-१५० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने, आणि पहिल्या कच्च्या फेरीनंतर आणखी एकदा. पाट्यांचे यू-बोल्ट सगळ्यात आधी सैल पडतात. ते काढले असतील तर पुन्हा जुनेच लावू नका, एकदा ताणलेले आटे पुन्हा तशी पकड देत नाहीत. आवळलेल्या नटावरून थेट ब्रॅकेटवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढे प्रत्येक वेळी पाना लावायची गरज नाही. टॉर्च घेऊन खाली वाकायचं, आणि रेघ तुटलेली दिसली तिथेच पाना लावायचा.

नव्या स्प्रिंगा पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. त्यानंतर मडगार्डची मापं पुन्हा घ्या, आणि हेडलाइटचा झोत तेव्हाच खाली करून घ्या. आधी केलात तर दोनदा करावा लागेल. ३१ इंचांच्या जागी ३३ इंची टायर घातले असतील, तर स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६४ ने पळत असते, हेही तोवर ध्यानात ठेवा.